कोळ्याचा कागद

खंडेनवमीला भामाबाई हिप्परगेकरांच्या पाटावर एवढी गर्दी होई की शेजारच्या भाग्यलक्ष्मी दारातूनच म्हणायच्या, "टीचरम्मा, दुकान मांडलं का?" विळी, कात्री, अडकित्ता हे तर असायचेच. शिवाय यजमान मुकुंदरावांचं शाईचं पेन, खडूंचा डबा आणि तीस वर्षं वर्गात वापरलेली लाकडी पट्टी. वर्षभर जी वस्तू आपल्यासाठी राबते तिला एक दिवस पुसून-पासून, हळदकुंकू लावून विसावा द्यायचा. एवढाच त्या पूजेचा अर्थ. भामाबाईंनी तो हैदराबादेत नारायणगुड्याच्या मराठी शाळेत कितीतरी वर्गांना समजावून सांगितला होता.

सत्त्याण्णव सालच्या नवमीला त्या पाटावर एक नवी वस्तू आली. ती भामाबाईंच्या ताब्यात येऊन सव्वा वर्ष झालं होतं, पण आधीच्या नवमीला भामाबाई तापानं पडल्या होत्या, म्हणून तिची पूजा राहून गेली होती. वस्तूचं नाव इलिम्बा.

इलिम्बा म्हणजे दोन्ही हातांत मावेल एवढी लाकडी पेटी, आतून पोकळ. वरच्या फळीवर लोखंडाच्या चपट्या पट्ट्या ओळीनं बसवलेल्या, काही लांब, काही आखूड. पेटी मांडीवर धरायची आणि दोन्ही अंगठ्यांनी पट्ट्या दाबून सोडायच्या. लांब पट्टीचा सूर जाड, आखूड पट्टीचा बारीक. पेटीच्या एका अंगाला जुन्या चार आण्याएवढं गोल भोक होतं.

ती होती योनाची. योना टांझानियातल्या डोडोमा गावाकडचा. उस्मानिया विद्यापीठात शिकायला आला आणि तीन वर्षं भामाबाईंच्या नल्लकुंट्यातल्या घरी माडीवरच्या खोलीत राहिला. आल्यावर सहा महिन्यांत त्यानं भाजीवाल्यांकडून दखनी उचलली. "अम्मा, तुमे फिकर नक्को करो, टमाटे मैं लातूं," असं म्हणत पिशवी घेऊन निघायचा आणि बाजारात भामाबाईंपेक्षा चांगली घासाघीस करून यायचा. मुकुंदराव नुकतेच गेले होते. मुलगा गौतम नोकरीच्या खटपटीत दिवसभर बाहेर. घरात जे काही बोलणं होई ते योनाशी होई.

तिन्हीसांजेला भामाबाईंनी देवापाशी दिवा लावला की योना जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून इलिम्बा वाजवी. त्यात ताना नव्हत्या, चढउतार नव्हते. चार-पाच सूर एकामागून एक येत, फिरून पुन्हा तेच येत, आणि प्रत्येक सुरामागे एक बारीक गुणगुण राही, दूरवर कुणी तोंड मिटून म्हणत असावं तशी. ऐकणाऱ्याला कशाचीच घाई उरत नसे. तांदूळ निवडता निवडता भामाबाईंचे हात त्या सुरांच्या चालीनं चालू लागत.

"हे कधी वाजवतात रे?" त्यांनी एकदा विचारलं होतं.

"गाय-बकरी घर को आते ना अम्मा, उस वखत. मेरे दादा बजाते."

"म्हणजे गोरजवेळेला. आमच्या उदगीरकडे त्या वेळी नुसती धूळ उडायची."

योनानं त्यांना तेवढी एक चाल शिकवली. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलेली बाई साठीला विद्यार्थी झाली. उजवा अंगठा ऐकेना, डावा घाई करी. योना हसत नसे. "फिर से," एवढंच म्हणे, आणि शंभरदा म्हणे.

शहाण्णवच्या जूनमध्ये तो परत निघाला. विमानात वीस किलोच सामान नेता येणार होतं. पुस्तकं होती, त्याच्या आईसाठी भामाबाईंनी दिलेला प्रेशर कुकर होता. इलिम्बा त्यानं भामाबाईंच्या हातात ठेवली.

"दादा की है. अमानत समझो, अम्मा. कोई आएगा लेने को. तब तक बजाते रहना, नहीं तो गूँगी हो जाती."

अमानत म्हणजे दुसऱ्याची ठेव. भामाबाईंनी ती देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवली आणि रोज दिवा लावल्यावर ती एक चाल वाजवू लागल्या. तोवर गौतमला नव्या संगणक कंपनीत नोकरी लागली होती. लग्न झालं, आणि तो आणि शिल्पा कुकटपल्लीला फ्लॅटमध्ये गेले. संध्याकाळी शिकवणीला येणारी मुलंही एकेक करून कमी झाली. कुणी कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊ लागलं, कुणाच्या आईनं स्पष्टच सांगितलं की मराठी आता परीक्षेलासुद्धा नाही. तीनपासून सातपर्यंतचा वेळ घरात येऊन बसे आणि उठता उठत नसे. इलिम्बाचा अर्धा तास तेवढा हलका जाई.

तर त्या नवमीला भामाबाईंनी इलिम्बा पुसायला घेतली. पट्ट्यांवरचा गंज खोबरेल लावून काढला. लाकूड ओल्या फडक्यानं, मग कोरड्या फडक्यानं पुसलं. मग त्यांचं लक्ष भोकाकडे गेलं. भोकावर कोळ्याचं जाळं होतं. मळकं, करडं, चांगलं घट्ट बसलेलं.

त्यांना शरमल्यासारखं झालं. दुसऱ्याची ठेव, आणि त्यावर कोळ्यानं घर केलं तरी आपल्याला पत्ता नाही. त्यांनी काडीला कापूस गुंडाळला आणि लहान मुलाचा कान साफ करावा तितक्या हळुवारपणे भोकाची कड न् कड निपटून काढली. कडेला डिंकासारखं काहीतरी चिकटलेलं होतं, तेही नखानं खरवडलं. आतबाहेर लख्ख झाल्यावर फुलं वाहिली.

दसऱ्याच्या संध्याकाळी दिवा लावून त्या वाजवायला बसल्या. पहिलीच पट्टी दाबली आणि त्यांनी हात मागे घेतला.

सूर बरोबर होता, पण त्याच्यामागची गुणगुण गेली होती. वाटीवर चमचा आपटावा तसा सूर निघे आणि तिथेच संपे. पुन्हा वाजवलं, पेटी हलवून वाजवलं, उन्हात ठेवून दुसऱ्या दिवशी वाजवलं. काही नाही. पावसाळ्याची दमट हवा बाधली असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पण आता वाजवलं की घर आणखीच रिकामं वाटे, म्हणून त्यांनी वाजवणं सोडलं.

दिवाळीला गौतम आणि शिल्पा आले. गौतमनं एक मोठं खोकं आणलं होतं. त्यातून काळी चकचकीत म्यूझिक सिस्टीम निघाली, वर सीडी लावायची, दोन बाजूंना दोन स्पीकर.

"आई, तुला ते योनाचं आवडायचं ना? मुद्दाम शोधून आणलंय. रिलॅक्सिंग आफ्रिकन म्यूझिक. इझी लिसनिंग म्हणतात ह्याला. नुसतं लावायचं आणि पडून राहायचं."

"पडून राहायचं आणि काय करायचं?"

"काहीच नाही करायचं. तेच तर."

"ते मला येतंच की," भामाबाई म्हणाल्या. शिल्पा हसली, गौतम नाही हसला.

सीडी लागली. पाण्याची खळखळ, पाखरं, आणि मग योनाच्या इलिम्बासारखंच काहीतरी. गोड होतं, स्वच्छ होतं. साखरेचं पाणी प्यावं तसं घशाखाली उतरलं आणि तोंडात चव काही राहिली नाही. भामाबाईंना राहून राहून वाटत राहिलं की आपल्या हातातल्या पेटीचंही हेच झालंय. तीही आता अशीच वाजते.

"कसंय?"

"छान आहे. बराच खर्च केलास."

"आणि तू आता चल ना कुकटपल्लीला. इथे एकटी काय करतेस?"

"दिवा लावते," त्या म्हणाल्या. गौतमनं विषय सोडून दिला.

भाऊबीज झाल्यावर आठवड्यानं डोडोमाहून पत्र आलं. योनाचं अक्षर. त्याला एक मोठी बहीण होती, नाव सेचेलेला. ती परिचारिका होती आणि सरकारी प्रशिक्षणासाठी महिनाभर हैदराबादला येत होती. डिसेंबरात आली की भेटेल, जानेवारीत परत जाताना इलिम्बा घेऊन जाईल. शेवटी चार ओळी होत्या. आजोबा आता अंथरुणातून उठत नाहीत. कुणाला ओळखतात, कुणाला नाही. पण संध्याकाळ झाली की इलिम्बा कुठे आहे म्हणून विचारतात. मी सांगितलंय, ती अम्मांकडे आहे आणि अम्मा रोज वाजवतात.

भामाबाईंनी पत्राची घडी घातली, पुन्हा उघडलं, पुन्हा घातली. एक म्हातारा तिकडे कान लावून पडला होता आणि इकडे त्याचा आवाज हरवला होता. कसा, ते कळत नव्हतं. पण हरवला होता आपल्याच घरात.

नारायणगुड्याच्या एका बोळात उमाजी नावाचे म्हातारे कारागीर तंबोरे आणि पेट्या दुरुस्त करीत. शाळेची हार्मोनियम त्यांच्याकडेच जायची. भामाबाई इलिम्बा साडीच्या फडक्यात गुंडाळून त्यांच्याकडे गेल्या.

उमाजींनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. "हे कुठल्या गावचं म्हणायचं, बाई?"

"आफ्रिकेतलं."

"मग तिकडंच न्यायचं की. माझ्याकडं हार्मोनियमवालेबी येईनात आता. समदे बटनाचा कीबोर्ड घेऊ लागले." एवढं बोलून त्यांनी पेटी मांडीवर घेतलीच. एकेक पट्टी वाजवली, कान लाकडाला लावला. "सूर हाललेला नाही. लाकूड फुटलेलं नाही. मग तक्रार काय?"

"आधी ह्याच्यामागे गुणगुण यायची. ती येत नाही."

"अच्छा." उमाजींनी शेजारचा तंबोरा ओढला आणि एक तार छेडली. तार टणत्कारून गप्प झाली. मग त्यांनी तार जिथे टेकते त्या घोडीवर सुताचा एक धागा तारेखाली सरकवला आणि पुन्हा छेडली. आता तार बोलू लागली ती बोलतच राहिली. "ऐकलं? ह्याला जवारी म्हणतात. तार मोकळी वाजली की वाजते आणि मरते. कशाला तरी घासत गेली की जगते. तुमच्या पेटीलाबी कुठंतरी असा दोरा असणार. काय काढलंत तुम्ही?"

"मी काहीच काढलं नाही. नवमीला फक्त पुसली."

"पुसली म्हंजे काढलंच की, बाई." उमाजींनी भोकावरून बोट फिरवलं. "इथं डिंक होता. डिंक असाच कुणी लावत नाही. ह्याच्यावर काय होतं?"

भामाबाईंचा चेहरा उतरला. "जाळं होतं," त्या म्हणाल्या. "कोळ्याचं."

उमाजी हसले नाहीत. त्यांनी पेटी परत फडक्यात गुंडाळून दिली आणि पैसे घेतले नाहीत. "साफसफाई लई केली की असं होतं," एवढंच म्हणाले.

घरी येईपर्यंत भामाबाई स्वतःवर चिडलेल्या होत्या. देवाला म्हणून हात लावला आणि त्याच हातानं जीभ कापली. घरी आल्यावर मात्र त्यांनी पदर खोचला. चूक झाली की रडत बसायचं नाही, कुठे झाली ते शोधायचं, असं त्या मुलांना सांगत. त्यांनी भोकावर बटर पेपर चिकटवून पाहिला. माशी बाटलीत अडकल्यासारखा आवाज आला. प्लास्टिकची पिशवी कापून लावली, तर स्कूटर सुरू होत असल्यासारखं वाटलं. वहीचा कागद तर मुळीच हलला नाही. चार दिवस हेच चाललं होतं.

पाचव्या दिवशी भाजी चिरताना बोट कापलं. बोट तोंडात धरून त्या उभ्या राहिल्या आणि त्यांना उदगीरचं घर आठवलं. लहानपणी गुडघा फुटला की आई भिंतीवरून कोळ्याचा कागद काढून त्यावर चिकटवायची. भिंतीवर राहणारा चपटा कोळी आपली अंडी ठेवायला एक पांढरी गोल टिकली विणतो. रुपयाएवढी, पातळ, पण चिवट, कागदासारखीच सोलून निघते. रक्त लगेच थांबायचं. योनाच्या पेटीच्या भोकावर होतं ते विस्कटलेलं जाळं नव्हतंच. ते असंच काहीतरी होतं.

आता पंचाईत अशी की भामाबाईंच्या घरात कोळी नव्हता. दसऱ्याला सगळ्या भिंती झाडलेल्या, चुना दिलेला. ज्या बाईनं आयुष्यभर जळमटांशी वैर केलं ती बॅटरी घेऊन कोपरे धुंडाळू लागली. माडीवर नाही, जिन्याखाली नाही, न्हाणीघरात नाही. भाग्यलक्ष्मींच्या घरी विचारायला गेल्या, तर त्या म्हणाल्या, "टीचरम्मा, आमच्या घरी कोळी आहे असं म्हणायचंय का तुम्हाला?"

दमून त्या बैठकीच्या खोलीत येऊन बसल्या. समोर मुकुंदरावांचा फोटो होता. पाच वर्षांपूर्वी गौतमनं खिळा ठोकून तो लावला. त्याची काच त्या रोज पुसत, हार बदलत. चुना देणाऱ्यांनाही फोटोच्या भोवतीनं कुंचला फिरवायला सांगितलं होतं. पण तो खिळ्यावरून खाली कधीच काढला नव्हता. काढायचं धाडस झालं नव्हतं, असं म्हटलं तरी चालेल.

त्या स्टुलावर चढल्या. "जरा उतरता का," असं फोटोला म्हणाल्या आणि दोन्ही हातांनी तो उचलला.

मागच्या पुठ्ठ्यावर तीन पांढऱ्या टिकल्या होत्या. एकमेकींपासून सारख्या अंतरावर, कुणी मोजून लावाव्यात तशा. आतली पिल्लं केव्हाच निघून गेलेली. भामाबाई खाली उतरल्या आणि त्यांनी फोटो मांडीवर पालथा घेतला.

मग सुरीच्या पात्यानं त्यांनी पहिली टिकली सोलली. ती फाटली. दुसरी निघाली, पण भोकाला लावताना सुरकुतली आणि घूं करून बसली. तिसरीला त्यांनी आधी ओल्या बोटानं ओलावा दिला, कणकेची पातळ खळ कडेला लावली, टिकली ताणून बसवली आणि दुपारभर तिला हात लावला नाही. तिन्हीसांजेला दिवा लावला, आणि डावा अंगठा लांब पट्टीवर ठेवला.

सूर आला, आणि त्याच्यामागून गुणगुण आली. आधीपेक्षा किंचित कापरी होती. पण आली.

सेचेलेला डिसेंबरातल्या एका रविवारी आली. उंच, सावकाश चालणारी, चाळिशीची बाई. तिचं इंग्रजी सावकाश होतं आणि भामाबाईंचंही, त्यामुळे दोघींचं जमलं. तिनं योनाचे फोटो दाखवले. एकात योनाची आई कुकर मांडीवर घेऊन बसली होती. चहा झाला. भामाबाईंनी इलिम्बा आणून समोर ठेवली, पण तिच्या हातात दिली नाही.

"आधी एक सांगायचंय," त्या म्हणाल्या. वर्गात कितीदा तरी त्यांनी मुलांना सांगितलं होतं, चूक आधी सांगावी, मग पुसावी. इथे पुसून झाली होती, तरी सांगायची राहिली होती. नवमी, कापसाची काडी, उमाजी, फोटो, सगळं त्यांनी क्रमानं सांगितलं. काहीही गाळलं नाही. बोलताना त्या इलिम्बाकडेच पाहत होत्या.

सेचेलेलानं पेटी उचलून भोक उजेडाकडे धरलं. टिकलीवर नखानं हलकी टिचकी मारली.

"आजोबा दर वर्षी हा कागद बदलत," ती म्हणाली. "पाऊस संपला की. आम्ही पोरं गुरांच्या गोठ्यात कोळी शोधत फिरायचो. योनाला काही माहीत नसणार, तो शोधताना नेहमी झोपायचा. हिला इथे चार वर्षं झाली, नाही का? म्हणजे जुना कागद तसाही मरायलाच टेकला होता."

तिनं पेटी भामाबाईंच्या मांडीवर ठेवली.

"वाजवा तुम्ही," सेचेलेला म्हणाली.

त्यांनी ती एक चाल वाजवली. तिसऱ्या फेऱ्याला सेचेलेला हसू लागली. "तिथे, तिसऱ्या फेऱ्याच्या वळणावर, एक सूर जास्त आहे. ती योनाची चूक. लहानपणापासून करतो. आजोबा ओरडायचे. पण तशीच राहू द्या."

त्या महिन्यात ती आणखी तीनदा आली. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, निघायच्या दिवशी, इलिम्बा स्वेटरमध्ये गुंडाळून तिनं हातातल्या पिशवीत ठेवली. भामाबाई फाटकापर्यंत गेल्या. रिक्षा वळली. त्या आत आल्या, आणि सवयीनं देव्हाऱ्याखालच्या फळीकडे पाहिलं. फळी स्वच्छ होती.

संक्रांतीच्या दिवशी गल्लीभर पतंग होते. गौतम आणि शिल्पा दुपारनंतर यायचे होते. भामाबाई वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेल्या, तर कठड्यावर एक कापला गेलेला पतंग अडकला होता. जांभळा, एका बाजूनं फाटलेला. त्यांनी तो खाली आणला. कामट्या काढल्या. कागद बोटांमध्ये धरून कानाशी नेला आणि फुंकर मारली. मग पुन्हा मारली.

गौतम आला तेव्हा दारातच थबकला. म्यूझिक सिस्टीम चालू होती, तीच सीडी, तेच पाणी, तीच पाखरं. पण सुरांमागून काहीतरी थरथरत होतं. दोन्ही स्पीकरांच्या जाळीवर जांभळ्या कागदाची एकेक टिकली खळीनं चिकटवलेली होती, रुपयाएवढी. आई समोर बसून तीळ निवडत होती.

"आई, स्पीकर खराब झालेत वाटतं. अजून गॅरंटीत आहेत, बदलून आणतो."

"राहू दे," भामाबाई म्हणाल्या. "आत्ता कुठे बरे झालेत."

गौतमनं चपला काढल्या आणि तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला. भामाबाईंनी वर पाहिलं नाही. त्यांचे हात तिळांमध्ये सावकाश, एका चालीनं फिरत राहिले, आणि दर तिसऱ्या फेऱ्याला, सीडीत नसलेल्या, योनाच्या त्या जास्तीच्या सुरापाशी, क्षणभर थांबत राहिले.